सव्वा वर्षाचं बाळ दिवाणावरून पडलं आणि अंगावरून वारं गेलं. असं कुणाच्या घरी झालंय का?

वाळव्याची लेक

नमस्कार मंडळी. मी एरवी इथे लोणच्याचं प्रमाण बघायला येते, लिहीत कधीच नाही. आज लिहितेय कारण घरात बोलायला कुणी उरलं नाही.

आमचा चिकू (हे घरातलं नाव) सव्वा वर्षाचा. पंधरा दिवसांपूर्वी शनिवारी सकाळी मी चपात्या लाटत होते आणि तो आतल्या खोलीत दिवाणावर खेळत होता. दिवाण माझ्या गुडघ्याएवढासुद्धा उंच नाही, खाली सतरंजी. धप्प आवाज आला, मी लाटणं टाकून धावले. तो रडला, मी उचलला, दोन मिनिटांत गप्प. टेंगूळसुद्धा आलं नाही. अर्ध्या तासाने वाटीत कुरमुरे दिले, तर साहेब डाव्या हाताने एकेक उचलतायत आणि उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. मी तो हात वर धरला आणि सोडला. ओला टॉवेल पडावा तसा खाली पडला.

सासऱ्यांच्या ओळखीतल्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. कोपर सरकलं असेल म्हणाले, फोटो काढला, हाड धड. वेदनाशामक औषध देऊन घरी पाठवलं. दुपारी उभा केला तर उजवा पाय दुमडायला लागला, तरी आम्ही म्हणतोय, पडलाय तर पाय मुरगळला असेल. संध्याकाळी माझी नणंद म्हणाली, "वहिनी, हा रडताना तोंड डावीकडे ओढलं जातंय बघा." ती बी.एड. करतेय, डॉक्टर नाही. पण ती एकटीच नीट बघत होती.

रात्री मिरजेला गेलो. सीटी, दुसऱ्या दिवशी एमआरआय. तिथल्या मॅडमनी कागदाच्या मागे चित्र काढून दाखवलं: मोठी शीर, तिच्यातून वर जाणाऱ्या केसासारख्या बारीक शिरा, आणि त्या शिरांच्या भिंतींत दोन्ही बाजूंना चुन्यासारख्या रेघा. डाव्या बाजूची एक शीर बंद पडली, म्हणून उजवं अंग गेलं. "स्ट्रोक" म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, तो तर आजोबांना होतो.

हिमोग्लोबिन ७.८ निघालं. हा पठ्ठ्या दिवसाला लिटरभर म्हशीचं दूध पितो आणि भाताचं शीत तोंडात घेत नाही. लोहाचे थेंब सुरू आहेत, अ‍ॅस्पिरिनची बारकी गोळी पाण्यात विरघळवून देतोय, फिजिओ आठवड्यातून तीनदा. पाय बराच सुधारलाय, धरून उभा राहतो. हाताचं अजून खरं नाही.

आता माझे प्रश्न. सासूबाई एकच वाक्य बोलल्या, "दहा मिनिटं लक्ष ठेवता आलं नाही?" आणि त्यानंतर पंधरा दिवस काहीच बोलल्या नाहीत. ते काही न बोलणंच जास्त लागतंय. तर खरंच पडल्यामुळे झालं का हे? दुसरं, शिरांत चुना म्हणजे कॅल्शियम, म्हणून घरात नाचणीचं सत्त्व बंद केलंय, ते बरोबर आहे का? पुन्हा होतं का? आणि आपल्याकडे अशी किती मुलं असतात? मला आजवर एकही भेटलेलं नाही. दवाखान्यात त्या मजल्यावर आम्ही एकटेच होतो.

गोदाकाठ

ताई, तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. तू त्याला पाडलं नाहीस. हे आधी.

माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, नाशिकला चौथीत. त्याची गोष्ट तुझ्यापेक्षा वेगळी, पण घर तसंच. तो पाच महिन्यांचा असताना खुळखुळा कायम डाव्या हातात. उजव्या बाजूला धरला तरी डावा हात पोटावरून पलीकडे नेऊन घ्यायचा. आमच्याकडे आनंदीआनंद! सासरे डावखुरे, त्यांचे वडील डावखुरे. "आजोबांवर गेला" म्हणून पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. उजवी मूठ कायम मिटलेली आणि अंगठा आत, हे मला दिसत होतं, पण मीही ते पेढ्यांच्याच खात्यात टाकलं.

नवव्या महिन्यात लस द्यायला गेलो तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी त्याला सतरंजीवर सोडलं आणि नुसतं बघत बसले. मग विचारलं, "हा डावखुरा आहे असं कुणी ठरवलं?" मूल कुठला हात जास्त वापरणार हे साधारण दीड-दोन वर्षांनंतर दिसायला लागतं. वर्षाच्या आत जे बाळ एकच हात वापरतं, त्याचा दुसरा हात तपासायचा असतो. एमआरआयमध्ये डाव्या मेंदूत जुना व्रण निघाला. जन्माच्या आगेमागे कधीतरी शीर बंद पडलेली. ना झटका, ना ताप, बाळंतपणही सरळ झालेलं. कळलं तेव्हा सगळं होऊन नऊ महिने झाले होते.

मी काय चुकलं ते शोधण्यात दोन वर्षं घालवली. डोहाळेजेवणाला झोपाळ्यावर बसले होते, इथपर्यंत जाऊन आले. तू त्या वाटेला जाऊ नकोस.

हाताचं सांगते. आमच्या फिजिओ ताईंनी चांगल्या हातावर मोजा चढवून रोज तास-दीड तास खेळायला लावलं, म्हणजे आळशी हाताला काम करण्यावाचून गत्यंतर नाही. पहिला आठवडा नुसता आक्रोश. मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे आणि नवरा बाहेर बसून लाडवाचे तुकडे उजव्या बाजूला ठेवायचा. पंधराव्या दिवशी त्याने चिमट्यात नाही, पंजाने का होईना, तुकडा उचलला. तुमच्या फिजिओला विचारून मगच कर, वेळ आणि पद्धत ते ठरवतात.

खोटा धीर देत नाही. चौथ्या वर्षी त्याला आकडी आली, गोळ्या सुरू आहेत. उजव्या पायात बुटाच्या आत प्लॅस्टिकची पट्टी घालतो. शर्टाची बटणं अजून मीच लावते, पण परवा म्हणाला, "वरचं एक माझ्यासाठी ठेव." पळतो, भांडतो, पाढे चुकतो. पाढ्यांचं मेंदूशी काही नाही, त्याच्या बाबांचेही चुकतात.

रानफूल

आमच्याकडे अंगावरून वारं गेलं की पारव्याचं गरम रक्त चोळतात. माझ्या चुलत्यांना फरक पडला होता. बाळ आहे, करून बघायला काय हरकत आहे? आणि दृष्ट पण काढा.

रात्रपाळी

पारव्याला उडू द्या. चुलत्यांना जो फरक पडला तो पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांना आपोआपच पडतो, श्रेय पारव्याला जातं आणि जीवही त्याचाच जातो. दृष्ट खुशाल काढा, मोहऱ्या बाळाच्या डोळ्यांत जाणार नाहीत एवढं बघा.

मी बालरोग विभागात निवासी डॉक्टर आहे. गाव सांगत नाही. मी तुमच्या बाळाला तपासलेलं नाही, त्यामुळे जे सांगतो ते तुमच्या मॅडमना विचारायचे प्रश्न म्हणून वाचा.

तुम्ही वर्णन केलंय त्याला मिनरलायझिंग अँजिओपथी म्हणतात. वय साधारण सहा महिने ते दोन वर्षं, आधी ठणठणीत असलेलं मूल, पलंगावरून किंवा कडेवरून किरकोळ पडणं, आणि काही मिनिटांत किंवा तासांत एक बाजू लुळी. २०१४ मध्ये हैदराबादच्या डॉक्टरांनी अशा वीसेक मुलांची मालिका छापली. त्यानंतर भारतातून अशा नोंदी येतच राहिल्या, इतक्या की आता आमच्याकडे प्रशिक्षणातच शिकवतात: पडलेलं बाळ, लुळा हात, हाडाचा फोटो धड, तर मेंदूचा सीटी बघ. आणि सीटीच. त्या चुन्याच्या रेघा एमआरआयमध्ये सहज निसटतात. एमआरआय मेंदूला झालेली इजा चांगली दाखवतो. तुमच्या मॅडमनी दोन्ही केले, म्हणजे त्यांना माहीत होतं.

पडल्यामुळे झालं का? निमित्त पडणं, कारण शिरेत आधीपासून. या शिरा मोठ्या शिरेतून जवळजवळ काटकोनात वर निघतात, हिसका बसला की ताणल्या जातात असं मानतात. निरोगी शीर ताण सहन करते. दिवसाला दहा वेळा पडणारी मुलं आपण बघतोच की. या वयात न पडणारं मूल मला अजून भेटायचंय. सासूबाईंना हे वाचून दाखवा. मी बोलावं असं वाटलं तर तेही करतो, माझी आजी त्यांच्याच गोतातली आहे.

नाचणी सुरू करा! शिरेतला चुना खाण्यातल्या कॅल्शियममधून येत नाही. या मुलांच्या रक्तातलं कॅल्शियम बहुतेक वेळा ठीकच निघतं. बंद करायचं तर दूध आवरा. लिटरभर दूध पिणाऱ्या बाळाच्या पोटात डाळ-भाताला जागा राहत नाही, आणि दुधात लोह जवळजवळ नसतं. लोहाच्या कमतरतेचा आणि लहान मुलांच्या पक्षाघाताचा संबंध हे नुसतं आमचं मत नाही. कॅनडात २००७ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात, एरवी निरोगी असून पक्षाघात झालेल्या लहान मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांत ही कमतरता होती. पक्षाघात न झालेल्या निरोगी मुलांत हेच प्रमाण दहात एकाहून कमी. आणि आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षांची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. ७.८ हा आकडा वाचून मी दचकलो नाही, हीच खरी दचकायची गोष्ट आहे.

पुन्हा होऊ शकतं, थोड्या मुलांत होतं, बहुधा पुन्हा पडण्याच्या निमित्ताने. म्हणून अ‍ॅस्पिरिन. ती स्वतःहून बंद करायची नाही. मात्र ती चालू असताना कांजिण्या निघाल्या किंवा फ्लूसारखा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, त्या आजारांत या गोळीचा एक दुर्मीळ पण वाईट परिणाम असतो. लसींचं वेळापत्रकही त्यांच्याकडून तपासून घ्या. बाकी या प्रकारातली बरीच मुलं चांगली सावरतात. पाय आधी, हात मागून, हा क्रमही नेहमीचाच.

आकडेकाका

सूनबाई, मी सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालो, पुण्यात असतो, डॉक्टर नाही. "आपल्याकडे किती" हा तुमचा प्रश्न माझ्या प्रांतातला, म्हणून मध्ये पडतो.

मोजायचं कसं, ते दुसऱ्यांनी करून ठेवलंय. दक्षिण इंग्लंडमध्ये जुलै २००८ ते जून २००९ असं वर्षभर, सुमारे ६० लाख मुलांच्या लोकसंख्येत, शीर बंद पडून झालेला प्रत्येक पक्षाघात शोधला. नवजात अर्भकं वगळून ९६ मुलं सापडली. म्हणजे लाखात १.६. पण या सरासरीला फारसा अर्थ नाही, तिच्या पोटात बघा: वर्षाच्या आतल्या बाळांत दर लाखात ४ च्या वर, म्हणजे सगळ्यात जास्त. आणि तिथल्या आशियाई वंशाच्या मुलांत गोऱ्या मुलांच्या दुप्पट. आपली मुलं परदेशी जाऊनसुद्धा यादीत वर आहेत!

कॅनडाने सोळा वर्षं देशभराची नोंदवही ठेवली. तिच्यात नवजातांचा दर एक लाख जन्मांमागे १० च्या आसपास, म्हणजे मोठ्या मुलांच्या कित्येक पट. पण इतर ठिकाणचे अभ्यास साडेतीन-चार हजार जन्मांमागे एक, असंही सांगतात. एवढी तफावत का, ते गोदाकाठ यांच्या पोस्टमध्येच आहे. त्यांच्या मुलासारखी बाळं पहिल्या महिन्यात काहीच दाखवत नाहीत. "आजोबांवर गेला" म्हटलं की ते मूल मोजणीतून गेलं. माझ्या नोकरीत मी पाहिलंय, जे मोजायला कुणी गेलं नाही ते कागदावर शून्य दिसतं.

आता कच्चं गणित. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतची मुलं १ कोटी ३३ लाख. इंग्लंडचा सरासरी दर जसाच्या तसा लावला तरी या वयोगटात वर्षाला दोनशेच्या वर होतात, नवजात सोडून. आणि तो दर आपल्याला जसाच्या तसा लागू व्हावा असं इथे काय आहे? रक्तक्षय वर डॉक्टरांनी सांगितलाच, शिवाय क्षयाच्या मेंदूज्वरात शिरा बंद पडून होणारे पक्षाघात तिकडे क्वचितच दिसतात. तर तुम्ही त्या मजल्यावर एकट्या होतात, राज्यात नाही.

वैनगंगा

काकांच्या हिशेबात आमचा भाग राहिला. मी गडचिरोलीचा, शाळेत शिक्षक. माझ्या भाच्याला पाचव्या वर्षी पक्षाघात झाला, त्याला सिकलसेल आहे, म्हणजे रक्तपेशी वाकड्या होण्याचा जन्मजात आजार.

इकडे सिकलसेल म्हटलं की लोक सांधेदुखी समजतात. "पोराचे हातपाय दुखतात" इथपर्यंत आम्हालाही ठाऊक होतं. पण विळ्यासारख्या वाकड्या पेशी मेंदूच्या शिरा आतून खराब करतात हे तो शाळेच्या प्रार्थनेला उभा असताना एका बाजूला कलंडला तेव्हा कळलं. अमेरिकेतल्या पाहणीत सिकलसेलच्या शंभरातल्या साधारण अकरा मुलांना विसाव्या वर्षापर्यंत पक्षाघात झालेला आढळला, आणि शीर बंद पडण्याचा धोका दोन ते पाच या वयात सर्वांत जास्त. आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं म्हणून हे प्रमाण कमी आहे, असं डॉक्टर सांगतात. कमी म्हणजे नाही असं नव्हे. भाचा पुरावा आहे.

मला राग कशाचा येतो सांगू? हा पक्षाघात आधी ओळखता येतो. कानशिलावर सोनोग्राफीसारखं यंत्र ठेवून मेंदूतल्या शिरेत रक्त किती वेगाने धावतं ते बघतात, ट्रान्सक्रेनियल डॉप्लर. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर धोका. अशा मुलांना नियमित रक्त दिलं की पहिला पक्षाघात ९२ टक्क्यांनी टळतो, हे अमेरिकेत १९९८ मध्येच सिद्ध झालं. ज्या वर्षी मी डी.एड.ला होतो! भाच्याचा पहिला डॉप्लर पक्षाघातानंतर झाला, तोही नागपूरला.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, सात कोटी लोकांची तपासणी ठरलीय. आमच्या शाळेतही रक्त घेऊन गेले, चांगली गोष्ट. पण तपासणीचं कार्ड मिळालं की घरच्यांना वाटतं काम झालं. कार्डानंतर मुलाचा डॉप्लर आणि सिकलसेलवरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी, हे विचारायचं असतं. मी आता दर पालकसभेत विचारतो. मुख्याध्यापक वैतागतात.

ताई, तुमच्या बाळाची सिकलसेल तपासणी झाली असेलच, नसेल तर एकदा विचारून घ्या. आणि खाजगी फिजिओचा खर्च झेपेनासा झाला तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं केंद्र असतं, तिथे हे उपचार मोफत असतात. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरातून सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा जे पथक येतं, ते यांचंच. त्यांना हात दाखवा.

वाळव्याची लेक

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही, म्हणून काय झालं तेच सांगते.

सिकलसेलची तपासणी झालीय, नाही निघाली. डीईआयसीचं नाव सांगलीत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, सोमवारी जातोय. रानफूल ताई, राग मानू नका, दृष्ट काढली आहे, पारवा नाही.

रात्रपाळी दादांचं उत्तर मी सासूबाईंना वाचून दाखवलं. मुद्दाम मोठ्याने, कुकर बंद असताना. "निमित्त पडणं, कारण शिरेत आधीपासून" इथे त्यांनी थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग बराच वेळ शेंगा सोलत बसल्या. नंतर म्हणाल्या, "दूध मीच जास्त पाजत होते गं." मला तेव्हा समजलं की पंधरा दिवस त्या माझ्याशी नाही, स्वतःशीच अबोला धरून होत्या. मी म्हटलं, आई, तुम्हीच पाजलंत म्हणून तो एवढा गुटगुटीत आहे. त्या म्हणाल्या, गुटगुटीत आणि पांढराफटक. आम्ही दोघी हसलो, पहिल्यांदा.

आता दूध दिवसाला दोन वाट्या. नाचणी परत सुरू, त्यात गूळ. डाळीचं घट्ट पाणी भाताशी कालवून देतोय, पहिले तीन घास थुंकतो, चौथा गिळतो. गोळी घड्याळ लावून.

आकडेकाका, तुमचे आकडे मला नको होते असं आधी वाटलं. मग रात्री मनात आलं, दोनशे म्हणजे आमच्या गल्लीतल्या प्राथमिक शाळेएवढी मुलं. दरवर्षी. त्यांच्या आया कुठे आहेत सगळ्या?

फिजिओंनी मोज्याला होकार दिला, सध्या दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं. काल मोजा चढवला तर पहिली पाच मिनिटं रडला, मग दातांनी ओढून काढला आणि टाळ्या वाजवायला गेला. डावा हात उजव्यावर आपटत होता, पण उजवा जागेवर उभा होता, खाली पडला नाही. गोदाकाठ ताई, तुमचा पण दातांनी काढायचा का? मनगटाला काय बांधायचात? नाडी बांधली तर आवळेल असं सासूबाई म्हणतायत.